अडलेली हिरवी पट्टी

शंकेखोर : सी ड्राइव्ह भरला म्हणून डिस्क क्लीनअप उघडलं, आणि किती जागा मोकळी होईल हे मोजतानाच त्याची हिरवी पट्टी मध्येच थांबली. आता साफसफाई राहिली बाजूला, साफसफाईच्या साधनाचीच दुरुस्ती करत बसायची, हे मला पटत नाही. घरातला झाडू मोडला तर आपण तो सांधत बसतो का? दुसरा आणतो. हे साधन विंडोज ९८ च्या काळातलं आहे. २०१८ साली खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगून टाकलं की आता यावर आम्ही काम करणार नाही, त्याऐवजी स्टोरेज सेन्स वापरा. बनवणाऱ्यानंच ज्याच्यावरून हात काढून घेतला, त्याच्यामागे जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रावरच्या पोरानं अर्धा दिवस का घालवावा? लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून दाखल्यांना मुदती आहेत. खरिपाच्या पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की दारात रांग लागते. रांगेतल्या माणसाला पट्टी का अडली याच्याशी काय देणंघेणं? त्याला त्याचा अर्ज भरला जायला हवा.

दुरुस्तीवादी : झाडूचा दाखला इथं लागू पडत नाही, ताई. झाडू मोडला की डोळ्यांना दिसतो. इथं काय मोडलंय, किंबहुना काही मोडलंय का, हेच अजून ठरलेलं नाही. एखाद्या प्रोग्रॅमची खिडकी साधारण पाच सेकंद हाकेला ओ देत नाही, की विंडोज तिच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं लिहून मोकळं होतं. त्याचा अर्थ प्रोग्रॅम मेला असा होत नाही. तो दुसऱ्या कामात गुंतलेलाही असू शकतो. डिस्क क्लीनअपच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच घडतं, कारण ते स्वतः फारसं काही साफ करत नाही. जामखेड-पाथर्डीकडचा ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. तो कोयता हातात घेत नाही, टोळीकडून काम करून घेतो. डिस्क क्लीनअपकडेही अशीच एक यादी असते, ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, 'व्हॉल्यूम कॅशेस' या नावाखाली नोंदलेली आहे. तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन, थंबनेल, जुने अपडेट, अशा प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याला स्वतंत्र हाताळणारा नेमलेला आहे. मुकादम एकेकाला विचारत जातो : तुझ्याकडे किती जागा सुटेल? त्यातल्या एकानं उत्तर दिलं नाही तर तो तिथंच उभा राहतो आणि आपल्याला दिसते ती थांबलेली पट्टी. पण कोणापाशी तो थांबलाय हे तो लपवत नाही. पट्टीच्या खाली त्या प्रकाराचं नाव लिहिलेलं असतं. दुरुस्तीची सुरुवात ते नाव वाचण्यापासून होते, आणि खिडकी बंद करण्याच्या घाईत नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

शंकेखोर : नाव वाचलं, समजा. पुढं काय? पुढं रजिस्ट्रीच येणार ना? एक्सपीच्या काळातला तोडगा अजूनही तोंडातोंडी फिरतो : रजिस्ट्री उघडा, अमुक नोंद शोधा, उडवून टाका, क्लीनअप चालू लागेल. शेजारची नोंद चुकून उडाली तर काय होईल, हे सांगायला मात्र कोणी थांबत नाही. एमएस-सीआयटी झालेल्या मुलाला टंकलेखन येतं, छपाई येते, ऑनलाइन अर्ज येतो. त्याच्या हातात रजिस्ट्री देणं म्हणजे कंपाउंडरच्या हातात सुरी देण्यासारखं आहे. त्याची बुद्धी कमी आहे असं मी म्हणत नाही. चुकलं तर सावरायला मागे कोणी नसतं, ही माझी अडचण आहे.

दुरुस्तीवादी : तो तोडगा मला ठाऊक आहे, आणि तुमची भीती खरी आहे हे मी त्याच तोडग्यावरून दाखवतो. एक्सपीत 'जुन्या फाइली दाबून लहान करणे' असा एक कप्पा होता. ५० दिवसांत न उघडलेल्या फाइली शोधायच्या आणि त्या दाबून ठेवल्या तर किती जागा सुटेल याचा अंदाज बांधायचा, असं त्याचं काम. त्यासाठी अख्खा ड्राइव्ह चाळावा लागे आणि तिथंच पट्टी अडून बसे. रजिस्ट्रीतल्या यादीतून तेवढं एक नाव काढलं की मुकादम त्याला विचारायचंच सोडून देई आणि बाकीचं काम सुरळीत होई. त्या काळी हा तोडगा अचूक होता, कारण तो नेमक्या कारणावर बोट ठेवत होता. पुढच्या आवृत्त्यांतून तो कप्पाच गेला. तरी तोडगा फिरतो आहे, लोक विंडोज १० च्या रजिस्ट्रीत नसलेली नोंद शोधतात आणि सापडली नाही की भलतीच उडवतात. कारण सुटलं आणि कृती तेवढी उरली, की तोडग्याचं असं होतं. म्हणून मी पोरांना कृती पाठ करायला सांगत नाही. आज पट्टी अडते ती बहुतेक 'विंडोज अपडेट क्लीनअप'पाशी, आणि तिथं रजिस्ट्रीला हात लावायचं कामच नाही.

शंकेखोर : तिथं ती का अडते, ते तरी नीट सांगा. 'जुने अपडेट' म्हणजे जुनी रद्दी, एवढंच मला कळतं. रद्दी बाहेर काढायला तास लागतात कसे?

दुरुस्तीवादी : कारण ती सुटी रद्दी नाही. विंडोज आपल्या प्रत्येक घटकाच्या आवृत्त्या 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. नवा अपडेट आला तरी जुनी आवृत्ती लगेच टाकून देत नाही, कारण अपडेट बिघडला तर मागे फिरता यायला हवं. हे फोल्डर उघडून पाहिलं तर कित्येक जीबीचा आकडा दिसतो आणि माणूस दचकतो. पण त्यातल्या बऱ्याच फाइली एकाच जागी लिहिलेल्या आणि दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. एकाच गटाचा उतारा दोघांच्या हातात दिसला म्हणून जमीन दुप्पट होत नाही, तसंच हे. म्हणून ते फोल्डर हातानं पुसायचं नसतं. कोणती आवृत्ती खरोखर निरुपयोगी झाली आणि कोणत्या आवृत्तीवर अजून काही अवलंबून आहे, हे एकेक नोंद ताडून ठरवावं लागतं. विंडोज ७ ला ही सोय २०१३ च्या ऑक्टोबरात मिळाली, तेव्हा सफाईचा शेवटचा भाग संगणक पुन्हा सुरू करताना होत असे. पडद्यावर तोच एक मजकूर बराच वेळ दिसे आणि लोक घाबरून बटण दाबत. सेवा केंद्रांवर आणि दूध संकलन केंद्रांवर फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्क अजून आहेत. अशा डिस्कवर हजारो बारीक फाइली ताडायला लागणारा वेळ एसएसडीच्या कित्येक पट असतो. म्हणजे पट्टी थांबलेली दिसते तेव्हा आत काम चाललेलं असतं. ते चाललंय की नाही हे टास्क मॅनेजर सांगतो : त्यात डिस्कचा रकाना पाहायचा, अपडेटची कामं करणारी 'टायवर्कर' नावाची प्रक्रिया हालचाल करते आहे का ते पाहायचं. हालचाल असेल तर थांबायचं. बराच वेळ सगळं निपचित असेल, आणि अजून फक्त मोजणीच चालली असेल, तर क्लीनअपची खिडकी खुशाल बंद करायची. मोजणीत काही पुसलं जात नाही. हिवरे बाजार गावात आधी पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पीक ठरवतात. ताळेबंद अर्धवट राहिला म्हणून विहिरीतलं पाणी कमी होत नाही. पण पुसणं सुरू झाल्यावर 'टायवर्कर'ला मध्येच मारणं किंवा संगणकाचं बटण दाबून धरणं वेगळं. तिथं विंडोजचीच घडी विस्कटू शकते.

शंकेखोर : तुमच्या 'थांबायचं' या एका शब्दात किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत, पाहा. वीज राहील. यूपीएसची बॅटरी बरी असेल. दारात माणसं नसतील. गावात पावसाळी वाऱ्यानं एक तार तुटली तरी संध्याकाळपर्यंत अंधार असतो. तुम्ही म्हणता मध्येच बंद करू नका, पण बंद करणारा हात संगणकापाशी बसलेल्याचा असतोच असं नाही. आणि दुसरं. तालुक्याच्या गावचा दुरुस्तीवाला यातलं काहीच करत नाही. तो सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, विंडोज नव्यानं टाकतो आणि दोन तासांत संगणक परत देतो. त्याला मूर्ख समजू नका. जुन्या गुंत्यात दिवस घालवण्यापेक्षा कोरी पाटी बरी, हा त्याचा अनुभव आहे. दोन तासांचा खर्च ठरलेला, तुमच्या थांबण्याचा खर्च कुणालाच ठाऊक नाही.

दुरुस्तीवादी : विजेचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच हे काम केंद्र बंद झाल्यावर करावं, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून, नसेल तर यूपीएस तपासून. फॉरमॅटचं मात्र मला मान्य नाही. कोरी पाटी म्हणताना तिच्यावर काय लिहिलेलं होतं हे कोणी विचारत नाही. अंगठ्याचं यंत्र, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम, पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, या सगळ्यांचे ड्रायव्हर आणि नोंदण्या त्याच सी ड्राइव्हवर असतात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन फोल्डरं सी ड्राइव्हवरच असतात, हे तर अनेकांना फॉरमॅट झाल्यावर कळतं. दुरुस्तीवाला विचारतो, 'महत्त्वाचं काही आहे का?' समोरचा म्हणतो, 'नाही, तसं काही नाही.' कारण त्याच्या मते महत्त्वाचं ते सरकारी पोर्टलवर आहे. आठवड्यानं एखादी आजी परत येते आणि आपला स्कॅन केलेला कागद मागते. त्या दोन तासांच्या हिशेबात ही आजी धरलेली नसते. शिवाय आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा, १४ तालुक्यांचा. एका टोकाला अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. डोंगरातल्या गावातून संगणक उचलून तालुक्याला न्यायचा आणि परत आणायचा, यात जाणारा वेळही त्या हिशेबात धरायला हवा.

शंकेखोर : आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर? तेव्हाही पट्टी अडतेच. तुम्ही म्हणाल थांबा, टास्क मॅनेजर पाहा, डिस्क हलते आहे म्हणजे काम चाललंय. प्रत्यक्षात ती एकच खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असेल. तुमच्या धीरानं तिचे उरलेले दिवसही संपतील.

दुरुस्तीवादी : हा तुमचा सगळ्यांत वजनदार आक्षेप, आणि माझं म्हणणं त्यामुळे बदलतं. मी मघाशी हालचाल असेल तर थांबा म्हणालो, ते अपुरं होतं. थांबण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन सिस्टीमच्या नोंदी पाहायला हव्यात. तिथं डिस्कच्या नावानं ७ क्रमांकाची चूक दिसली, म्हणजे डिस्कवर खराब भाग आहे अशी नोंद दिसली, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर सफाई नाही, तपासणी नाही, दुरुस्ती नाही. आधी सगळ्या कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. अशा वेळी चेकडिस्कची खोल तपासणीसुद्धा नको, कारण ती अख्खी डिस्क वाचून काढते आणि आजारी डिस्कला तेवढा ताण सोसत नाही. अडलेली पट्टी इथं बिघाड नसून इशारा असतो. डिस्क ठणठणीत असेल तरच पुढचा क्रम लागतो. सगळे प्रोग्रॅम बंद करून टेम्प फोल्डर हातानं रिकामं करायचं. वापरात असलेल्या फाइली विंडोज पुसू देत नाही, त्या सोडून द्यायच्या. मग क्लीनअप पुन्हा उघडून एका वेळी एकाच कप्प्यावर खूण करायची. त्यातून अडणारा कोण ते कळतं. अपडेटचाच कप्पा अडत असेल तर प्रशासकाच्या अधिकारानं कमांड खिडकी उघडून एसएफसी या आज्ञेनं विंडोजच्या फाइली तपासायच्या, आणि मग तीच सफाई डिझम या दुसऱ्या आज्ञेकडून करून घ्यायची. डिझम टक्क्यांत आकडा दाखवतो, क्लीनअपच्या मुक्या पट्टीपेक्षा तो प्रामाणिक. डिझमलाच 'रीसेटबेस' असंही सांगता येतं. त्यानं जागा जास्त सुटते, पण आधीचे अपडेट मागे घेण्याची वाट कायमची बंद होते, म्हणून माझ्या मते सार्वजनिक संगणकावर ते करू नये.

शंकेखोर : या क्रमात मला चूक दिसत नाही. पण हे ऐकताना माझी शंका दुसरीकडेच वळली. आतापर्यंत आपण साधन का अडतं एवढंच बोललो. ते न अडता चाललं तर काय करतं, हे तुम्ही विचारात घेतलेलं नाही. २०१८ च्या विंडोज १० मध्ये त्याच डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्सचं फोल्डर येऊन बसलं. सवयीनं सगळ्या चौकटींवर खूण करणाऱ्यांनी आपल्या फाइली आपल्याच हातानं पुसल्या. पुढच्या एका आवृत्तीत तो कप्पा यादीतून काढावा लागला. म्हणजे बनवणाऱ्यालाही कचरा कशाला म्हणायचं हे नीट ठरवता आलं नव्हतं. आपल्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंनी जुन्या गावठी वाणांचं बियाणं जपलं. इतरांनी ते जुनाट म्हणून टाकून दिलं होतं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, म्हणून आज त्याला बियाणं म्हणतात. नाहीतर घराच्या कोपऱ्यातलं जुनं धान्य म्हणून तेही झाडलं गेलं असतं. फाइल किती दिवसांत उघडली नाही यावरून तिची किंमत ठरवणारं साधन बियाण्यालाही कचराच म्हणेल. मग मला सांगा, अडलेली पट्टी ही कधीकधी चांगलीच गोष्ट नाही का? ती निदान माणसाला थांबवते.

दुरुस्तीवादी : बियाण्याचा दाखला माझ्या मनाला लागला, पण तो अर्धाच इथं बसतो. राहीबाईंनी बियाणं नुसतं साठवलं नाही. त्या ते दरवर्षी पेरतात, निवडतात, वाटतात, कोणतं कुठलं हे त्यांना ठाऊक असतं. सेवा केंद्राच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये जे असतं ते तसं नसतं. तिथं शेकडो माणसांची आधारकार्डं, पासबुकाची पहिली पानं, उतारे, फोटो पडून असतात. अर्ज झाला की ते कागद केंद्राच्या कामाचे राहत नाहीत. पण पुसतही कोणी नाही. मग ड्राइव्ह भरतो, आणि त्यात घुसलेला एखादा व्हायरस किंवा पेन ड्राइव्ह घेऊन आलेला एखादा माणूस ते सगळं घेऊन जाऊ शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसली पाहिजे. म्हणजे जपून ठेवणं हेच इथं सज्जनपणाचं लक्षण नाही. ज्याला आपण कचरा म्हणतो त्यातलं काही बियाणं आहे हे तुमचं खरं. पण ज्याला आपण जपून ठेवलंय त्यातलं काही विषारीही आहे. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय, भाऊ. कोणता कागद पुसायचा हे डिस्क क्लीनअपला कळत नाही, स्टोरेज सेन्सला कळत नाही, डिझमला कळायचा प्रश्नच नाही. मग पट्टी चालू करण्यासाठी एवढा जीव कशाला टाकायचा? अडचण ड्राइव्हच्या भरण्यात आहे, आणि ड्राइव्ह भरतो तो कागद कुठं ठेवायचे, कधी पुसायचे हे कोणी ठरवलेलं नाही म्हणून. तुम्ही अपडेटचे दहा जीबी सोडवाल, महिन्याभरात स्कॅननं ते भरतील. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. यातले कित्येक संगणक विंडोज ११ घेऊच शकत नाहीत, त्यांच्यात त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. ज्या घराला नवे दरवाजे बसत नाहीत त्या घराच्या कड्या तुम्ही दुरुस्त करताय.

दुरुस्तीवादी : त्या घरात माणसं राहतात म्हणून करतोय. हे संगणक उद्या बदलले जाणार असते तर मी तुमच्याशी भांडलो नसतो. बजेट नाही म्हणून ते आणखी काही वर्षं चालणार आहेत, आणि जागा नसेल तर त्यांच्यात टाकायचे राहिलेले अपडेटही अर्ध्यात अडतील. पण तुमचं एक मी घेतलं. पट्टीची दुरुस्ती आणि कागदांची शिस्त ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी इतका वेळ पहिल्याच कामाबद्दल बोलत होतो. पहिलं काम शिकवता येतं. पट्टीखालचं नाव वाचायला, थांबायला, आजारी डिस्क ओळखायला मी कोणत्याही पोराला एका दुपारी शिकवीन, आणि शिकवायला हवं हा माझा आग्रह कायम आहे.

शंकेखोर : आणि दुसरं? केंद्र चालवणारा पोरगा, जिच्या नावावर संगणक आहे ती ग्रामपंचायत, की जिच्या आधारकार्डाचा स्कॅन आत पडलाय ती आजी, यांतल्या कोणाच्या सांगण्यावरून ती फाइल पुसायची?

दुरुस्तीवादी : आजीला विचारावं, असं वाटतं. पण तिचा स्कॅन तिथं आहे हेच तिला ठाऊक नाही. पोरानं पुसावं तर उद्या ती कागद मागायला आली की बोलणी तोच खाणार, आणि न पुसला नि तो भलत्याच्या हाती गेला तर तेव्हाही तोच. ग्रामपंचायतीनं ठरवावं म्हणावं तर यासाठी तिच्या बैठकीत विषय कोण मांडणार?

शंकेखोर : मग निदान रात्री सफाई लावण्याआधी त्या पोरानं डाउनलोड्स एकदा उघडून पाहावं. किती कागद आहेत, कोणाचे आहेत, कधीचे आहेत. एका वहीत लिहून ठेवावं.

दुरुस्तीवादी : लिहून ठेवावं. पण मग ती वही कोण वाचणार, हेही ठरवावं लागेल.